चार पर्यायांचे सर

सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. समोरच्या खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाले, "तू इथं आलीस कारण अ, घरचे लग्नाचं बघताहेत. ब, भरती निघत नाही. क, कॉम्प्युटर आवडतो. ड, गावाला परत जायचं नाही. एकच सांग."

मी म्हटलं, "यातलं एकही नाही. पगार पाहिजे."

"पाचवा पर्याय नसतो."

"मग प्रश्न चुकला तुमचा."

सर हसले नाहीत. खिशातून छोटी वही काढून काहीतरी खरडलं आणि मला जायला सांगितलं. नोकरी गेली असं धरून मी जिना उतरत होते, तर मागून शिपाई धावत आला, उद्या दहाला या म्हणाला. ती वही पुढे माझ्या हाती आली. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं, "मुलाखतीचा प्रश्न कच्चा. पर्याय ब काढून पगार घालावा."

नंदुरबारला धान्याच्या गोदामावर आमच्या दोन खोल्या होत्या. दहावीनंतर विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी आमची संस्था फुकट निवासी वर्ग चालवते. जागा चाळीस. त्यासाठी दर थंडीत जिल्हाभर चाळणी परीक्षा होते. साठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर उत्तराचा गोल पेनानं काळा करायचा. हे प्रश्न काढणं, उत्तरपत्रिका स्कॅन करणं आणि नंतर कोणता प्रश्न कसा वागला ते बघणं, एवढं आमचं काम. आमचं म्हणजे सरांचं आणि माझं.

सर मूळचे रनाळ्याचे, घरची शेती, गणिताचे निवृत्त शिक्षक. ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायचे. फार आनंद झाला किंवा फार राग आला की अहिराणीवर यायचे. कीबोर्डवर धूळ बसू नये म्हणून त्यावर ओला करून पिळलेला पंचा घालायचे, त्यामुळे दर पावसाळ्यात एक कीबोर्ड मरायचा. टाइप एकाच बोटानं करायचे, पण एक्सेलमध्ये ते जे सूत्र लिहायचे ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांच्या प्रश्नांच्या फाइलचं नाव होतं "गोठा". एका ओळीत एक प्रश्न. कधी जन्मला, कोणत्या वर्षी, कोणत्या शाळेत विचारला, किती मुलांनी बरोबर सोडवला, सगळं त्या ओळीत. खाली तीन पानं होती. "कामावर", "आजारी" आणि "पेन्शन". जो प्रश्न सगळ्यांनाच येतो त्याला पेन्शन. जो कुणालाच येत नाही तो आजारी, त्याची तब्येत बघायची. पण सरांचा खरा जीव होता तो "पारख" नावाच्या रकान्यावर.

"बेटा," ते सांगायचे, "सगळ्या मुलांचे एकूण मार्क लावून दोन ढीग कर. वरचा आणि खालचा. आता एकच प्रश्न घे. वरच्या ढिगातल्यांना तो आला आणि खालच्यांना नाही, तर त्या प्रश्नाला पारख आहे. दोघांनाही सारखाच आला तर तो प्रश्न नुसता चारा खातो. आणि खालच्यांना आला, वरच्यांना नाही, तर?"

"तर मुलं चुकली."

"नाही. तर आपण चुकलो."

हे ते शिकवायचे. पुढे काय झालं ते ऐकताना हे लक्षात ठेवा.

चुकीच्या पर्यायांना ते "चकवे" म्हणायचे आणि चकवे कधीही टेबलावर बसून तयार करायचे नाहीत. आधी तोच प्रश्न पर्याय न देता एखाद्या शाळेत घालायचे, मुलांनी काय काय चुकीचं लिहिलं ते गोळा करून आणायचे आणि त्यातले तीन निवडायचे. "चूक मुलानं स्वतः केलेली पाहिजे. आपण बनवलेली चूक खोटी दिसते." शनिवारी दुपारी सर पिशवीभर चुका घेऊन जिना चढायचे, चेहऱ्यावर वांगी स्वस्त मिळाल्याचा आनंद. "वरीलपैकी सर्व" हा पर्याय त्यांनी जन्मात वापरला नाही. जेवायला काय करू विचारल्यावर "काहीही चालेल" म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा तो आळशी पर्याय आहे, असं त्यांचं मत.

बरोबर उत्तर अ ठेवायचं की ड, हे मात्र ते कॉम्प्युटरला ठरवू द्यायचे नाहीत. टेबलाच्या खणात चिंचोके होते, चार रंगांनी रंगवलेले. प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून एक चिंचोका काढायचे. मी म्हटलं, "सर, एका क्लिकमध्ये होतं हे."

"तुझा कॉम्प्युटर आकडा देतो तो कुणी तरी शिकवलेला. चिंचोक्याला कुणी शिकवलंय?"

बोलणंही तसंच. चहावाल्याला, "चहा. अ, साखर कमी." कंडक्टरला, बँकेतल्या बाईला, सगळ्यांना पर्याय. ताप आला तेव्हा डॉक्टरलाच चार रोग सांगून एक निवडा म्हणाले होते.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण पुढं लागणार आहे. मी अक्कलकुव्याच्या वरची, मोलगीच्याही पुढच्या डोंगरातली. पावरा आदिवासी. घरात माझ्याआधी कुणी दहावीचं हॉल तिकीट पाहिलं नव्हतं. आश्रमशाळेत शिकले, नंतर बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं, पहिल्या वर्गात. हे मी कुणी न विचारता सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला जात नाही.

गोठ्यातल्या सगळ्यात जुन्या प्रश्नाला सर "थोरला" म्हणायचे. चित्र होतं. खाली ओढा, त्याच्या काठावर उंच टेकाड, टेकाडावर शेत. प्रश्न असा की या उंचावरच्या शेताला ओढ्याचं पाणी नेण्यासाठी काय लागेल? अ, विद्युत पंप. ब, पाट. क, बंधारा. ड, विहीर. उत्तर अ. पारख अशी की दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला नाही. वर्षानुवर्षं वरच्या ढिगातली मुलं पंप लिहायची आणि खालच्या ढिगातली पाटावर जाऊन पडायची. "पाट" हा चकवा सर पाहुण्यांना दाखवायचे. "पाणी वर चढत नाही हे ज्याला कळलं तो अ. ज्याला नाही तो ब. एका प्रश्नात पोरगा कळतो."

मी हा प्रश्न टाइप केलेला नव्हता, तो माझ्या आधीपासून होता. छपाईच्या वेळी मी फक्त अनुक्रमांक तपासले. ही माझी चूक, तीही सांगून ठेवते.

त्या वर्षी पहिल्यांदा डोंगरात परीक्षा केंद्र दिलं होतं. मी हट्ट धरला म्हणून. आधी वरच्या मुलांनी पहाटे निघून अक्कलकुव्याला उतरायचं आणि नंदुरबारची गाडी चुकली की तिथूनच परत फिरायचं, असं चालायचं. केंद्र दिलं माझ्याच आश्रमशाळेत. एकतीस मुलं बसली.

शनिवारी सकाळी उत्तरपत्रिका स्कॅन झाल्या आणि स्क्रीन लाल झाली. सरांनी एक सूत्र घालून ठेवलं होतं. एका खोलीतल्या तीन चतुर्थांशाहून जास्त मुलांनी एकच चुकीचं उत्तर दिलं, तर त्या खोलीच्या सगळ्या ओळी लाल. त्याला ते "एक खोली, एक चूक" म्हणायचे. त्या सूत्रानं आजवर दोन केंद्रं पकडली होती आणि दोन्हीकडे खरंच फळ्यावर उत्तरं लिहून दिलेली निघाली होती. आता तिसरं. प्रश्न अडतीस. एकतीसपैकी एकोणतीस मुलांनी ब. अडतीस म्हणजे थोरला.

संस्थेचे सचिव खालच्या बाजारात कापडाचं दुकान चालवायचे, त्यांना सगळे शेठजी म्हणायचे. दुकान उघडण्याआधी ते वर आले, स्क्रीन बघितली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मास्टरजी, केंद्र रद्द करा. यादी सोमवारी लावायची आहे."

"एकतीस मुलं आहेत, शेठजी."

"तुमच्याच मशीननं लाल केलंय. मी केलं का? मागच्या दोघांना रद्द केलं, यांना नाही केलं, तर लोक मला विचारतील."

बरोबर बोलत होते ते. सर मान डोलवत होते. मी प्रिंट हातात घेतली, चित्र बघितलं, पर्याय वाचले. मग पुन्हा वाचले.

"सर," मी म्हटलं, "उत्तर ब आहे."

"काय?"

"पाट. आमच्या शेतात असंच येतं पाणी. मीही ब लिहिलं असतं."

सरांनी चष्मा काढला. "पानी चढत नही, बेटा. चाळीस वर्षं शिकवतोय मी."

"चढत नाही. पण येतं."

शेठजी खुर्चीवर बसले. दुकानाला उशीर होणार हे त्यांना कळलं.

सर अहिराणीवर आले होते, म्हणजे राग होता. गोठा उघडून थोरल्याची ओळ माझ्यासमोर धरली. "हाई देख. नऊशेवर मुलांनी सोडवलाय. पारख देख. हाऊ काय काल जन्मला?"

मी विचारलं, "यातली डोंगरातली किती?"

त्यांनी थोरल्याच्या ओळीतली शाळांची यादी उघडली आणि एका बोटानं खाली सरकत गेले. रनाळे, नंदुरबार, शहादा, नवापूर, पुन्हा शहादा, पुन्हा रनाळे. सगळी सपाटीची गावं. शेवटच्या ओळीपर्यंत गेले, मग परत वर आले, जणू वाटेत एखादं गाव नजरेतून सुटलं असेल. कॉम्प्युटरनं खोटं काही सांगितलं नव्हतं. ज्यांना विचारलं त्यांचंच त्यानं सांगितलं होतं.

मग सर उठले, पिशवीत मोजपट्टी टाकली, पाण्याची बाटली अर्धी रिकामी करून टाकली आणि शेठजींना म्हणाले, "सोमवार आहे ना? उद्या रविवार आहे."

रविवारी पहाटेची एसटी धरून आम्ही अक्कलकुव्याला पोचलो. पुढे जीप. सर दोन पोत्यांच्या मधे बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी कधी सुटेल? अ, दहा मिनिटांत. ब, अर्ध्या तासात. क, तासात. ड, सुटणार नाही."

"भरली की," ड्रायव्हर म्हणाला.

सर माझ्याकडे वळले. "हा पण पाचवाच."

जीप सोडल्यावर तासभर पायवाट. बाबा शेतात भेटले, पाटाची फुटलेली कड मातीनं लिंपत होते. माझे बाबा शाळेत कधी गेले नाहीत. मराठी त्यांना बाजारापुरतं येतं. मी आमच्या बोलीत सगळं सांगितलं, एकतीस मुलं, लाल ओळी, सोमवार. त्यांनी हात धुतले आणि सरांना म्हणाले, "चला गुरुजी. वर जाऊ. पाणी जिथून निघतं तिथून बघा."

ओढ्याच्या कडेनं आम्ही वर चढलो. जिथं बाबांनी आणि वस्तीतल्या लोकांनी दगड रचून पाणी अडवलंय, तिथून पाट निघतो. तिथं ओढा आणि पाट अगदी शेजारी, एका उंचीवर. सरांनी पळसाचं पान तोडून पाटात सोडलं आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागले. पान चाललंय, सर चाललेत, मागे बाबा, मागे मी. डोंगराच्या पोटाला धरून पाट वळणं घेत जातो. मधे घळ आली तिथं दगडांची रास रचून, सागाची पानं अंथरून, वर माती दाबून पाणी पलीकडे नेलंय. पान तिथं अडकलं. सरांनी वाकून काडीनं सोडवलं.

थोड्या वेळानं ते थांबले. ओढ्याचा आवाज खालून, लांबून येत होता. सर कडेला गेले आणि खाली बघितलं. ओढा खोल दरीत होता आणि आम्ही त्याचंच पाणी घेऊन दोन पुरुष उंचीच्याही वर उभे होतो.

"हाई काय शे?" सर स्वतःशीच म्हणाले. मग बाबांकडे वळून, "पानी चढी ऱ्हायनं?"

"पाणी नाही चढत, गुरुजी," बाबा म्हणाले. "नाला खाली जातो."

सर तिथंच दगडावर बसले. पिशवीतून अर्धी भरलेली बाटली काढली, पाटाच्या काठावर आडवी ठेवली आणि डोळा लावून आतल्या पाण्याची रेघ बघितली. किंचित कललेली. "एवढाच उतार?"

"जास्त दिला तर माती ओढून नेतं. कमी दिला तर झोपतं."

"कोणी शिकवलं हे?"

"दर पावसात फुटतो. दर वर्षी शिकवतो."

सरांनी खिशातली वही काढली. मला वाटलं मोजमाप लिहितील. त्यांनी बाबांचं वाक्य लिहिलं, जसं होतं तसं. मग पान शेतात पोचेपर्यंत पुन्हा त्याच्यासोबत चालले. शेतात गहू उभा होता. पान पहिल्या वाफ्यात शिरलं तेव्हा सरांनी बूट काढले आणि चिखलात पाय देऊन उभे राहिले.

सोमवारी सकाळी शेठजी वर आले तर टेबलावर सरांच्या हातचा कागद होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. "प्रश्न अडतीसमध्ये कॉपी झाली आहे. ती केंद्रातील मुलांनी केलेली नाही. मी केली आहे. हा प्रश्न मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या वहीतून उचलला, त्याचे चकवे मुलांकडून घेतले नाहीत आणि पाणी न बघता वापरत आलो. अ आणि ब ही दोन्ही उत्तरे बरोबर धरावीत. केंद्रावरील शिक्का काढावा."

शेठजींनी कागद खाली ठेवला. "मास्टरजी, हे बोर्डावर लावायचं?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"अ, म्हातारा चळला. ब, डोंगरातल्या पोरीनं म्हाताऱ्याला फिरवला. क, पैसे खाल्ले. ड, प्रश्न तपासून घेतला. तुम्ही कुठला गोल काळा करता?"

शेठजींनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी ड करतो. पण बाजार ब करेल."

"करू द्या. चकवा चांगला आहे."

कागद लागला. दोन्ही उत्तरं धरून मी यादी पुन्हा काढली. लाल गेलं. एकतीसपैकी आठ मुलं चाळिसात बसली, स्वतःच्या मार्कांवर. त्यातल्या दोघांनी तर थोरल्याला पंपच लिहिलं होतं, म्हणजे त्यांना आमच्या नव्या उत्तराचा फायदाही झाला नाही, फक्त शिक्का गेला. मार्क कुणाचे कमी झाले नाहीत, पण क्रम हलला. सरांच्या भाऊबंदातल्या एकाचा मुलगा एकेचाळिसावा आला. त्या घरानं सरांना दोन वर्षं कुठल्याही जेवणाला बोलावलं नाही. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "तिथं भाजीत तेल फार घालतात."

थोरल्याची ओळ त्यांनी स्वतः "पेन्शन" पानावर नेली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "पाणी बघितलं." पण लाल करणारं सूत्र काढून टाकलं नाही. मी म्हटलं तर म्हणाले, "सूत्रानं हाक मारली. धावत जाऊन दार आपण उघडायचं होतं." आता लाल झालं की आधी प्रश्न बघायचा, मग मुलं. हा नियम आजही आहे.

त्यानंतर सरांना नवीनच वेड लागलं. मोलगीला बाजार भरतो त्या दिवशी बाबा खाली येतात आणि त्यांच्या फोनला रेंज मिळते. सर बरोबर त्या वेळी फोन लावायचे. "भाऊ, रिकामे आहात? ऐका. पाच माणसं एक विहीर दहा दिवसांत खणतात. तर दहा माणसं किती दिवसांत खणतील? अ, वीस. ब, पाच..."

"गुरुजी, विहीर केवढी?"

"का?"

"दहा माणसं आत उतरली तर एकमेकांच्या डोक्यात कुदळ घालतील."

सरांनी विहीर खोडून चर केला. दुसऱ्या बाजारी पुन्हा फोन. चर चालला.

असं दर बाजारी पाच-सहा प्रश्न. आईची तक्रार असायची की मीठ-मिरची विसरून हा माणूस परीक्षा देत बसतो. सर कधीकधी वाद घालायचे, आवाज चढायचा, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणायचे, "तुन्हा बाप ऐकत नही." दुसऱ्या दिवशी प्रश्न बदललेला असायचा.

सर आता रनाळ्याला घरी असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, स्क्रीन झेपत नाही. त्यांची खुर्ची माझ्याकडे आहे, हाताखाली दोन मुली आहेत, कीबोर्डवर पंचा नाही. चिंचोके ठेवलेत. गोठ्यात एक नवा रकाना आहे, सरांनी जाण्याआधी घातलेला. "तपासणारा".

परवा दाखल्याच्या कामानं बाबा नंदुरबारला आले होते. मी त्यांना ऑफिसात खुर्चीवर बसवलं आणि गोठा उघडून दाखवला. त्यांचं नाव त्यांना वाचता येत नाही, पण आकार ओळखू येतो, रेशन कार्डावर बघून बघून. माझ्या शाळेच्या सगळ्या कागदांवर ते एकाच जागी यायचं, "पालक" या शब्दासमोर, आणि खाली निळा अंगठा. इथं ते ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ होतं. मी खाली सरकवत गेले, ते बघत गेले.

"हे एवढ्या वेळा कशाला लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मी सरांनाच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. म्हटलं, "सर, बाबा समोर बसलेत. विचारतात, या फाइलमध्ये त्यांचं नाव कशाला?"

मी चार पर्यायांची वाट बघत होते. सर म्हणाले, "कारण त्यांनी तपासलं."

पुढे ब आला नाही.